कादरी सर आणि कोकणातलं घर

आमच्या धाकटीला शाळेतून प्रोजेक्ट आलाय. लहान मुलांसाठी गोष्ट लिहायची, तिची चित्रं काढायची आणि वर चकचकीत कव्हर घालून जमा करायची. प्रोजेक्ट येतो पोरांना आणि ताप होतो आयांना, हे लातुरात काय आणि नांदेडात काय, सगळीकडं सारखंच. परवा संध्याकाळी ती फरशीवर पालथी पडून चित्र काढून राहिली होती. मी मेथी निवडता निवडता वाकून बघितलं. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून निघालेली नदी, नदीकाठी उतरत्या लाल कौलांचं घर आणि आभाळात चारच्या आकड्यासारखे पक्षी.

माझ्या तोंडून निघूनच गेलं, "कोकणात गेली होतीस का गं?"

"काय?" ती म्हणाली.

"काही नाही. काढ."

ते वाक्य माझं नव्हतंच. ते कादरी सरांचं होतं. इतकी वर्षं कुठं दडून बसलं होतं कोण जाणे. मेथी तशीच राहिली आणि तो माणूस डोळ्यांपुढं येऊन उभाच राहिला. देवा, काय माणूस होता!

लातूरच्या आमच्या शाळेत कादरी सर चित्रकला शिकवायचे. मूळचे लातूरजवळच्या मुरुडचे. उंच, किडकिडीत, पानानं ओठ कायम लाल. चित्रकलेच्या माणसानं पांढरा शर्ट घालू नये एवढी अक्कल कुणालाही असते, सरांना नव्हती. रोज पांढराच शर्ट, आणि ब्रश पुसायला फडकं म्हणून त्याच शर्टाची डावी बाही. शाळा सुटेपर्यंत उजवा हात मास्तराचा आणि डावा रंगपंचमी खेळून आलेल्याचा. स्वतःच सांगायचे, "बेगम म्हणती, तुमच्या एका बाहीला जेवढा साबण लागतो तेवढ्यात आख्ख्या घराचे कपडे निघतेत."

सगळ्यांना 'बाबा' म्हणायचे. पोरांना बाबा, पोरींना बाबा, शिपायाला बाबा. एकदा शाळेच्या मैदानात कुणाची तरी म्हैस घुसली, तर तिलाही म्हणाले, "अरे बाबा, तिकडं जा ना." पाचवीत आम्ही पोरी खुदूखुदू हसायचो. नववीपर्यंत सवय झाली. सरांनी नावानं हाक मारली तर उलट भीती वाटायची, काय चुकलं म्हणून.

सायकल होती त्यांच्याकडं, पण बसलेले क्वचितच दिसायचे. हातात धरून चालायचे. वाटेत काहीतरी दिसायचं आणि थांबायचे. गंजगोलाईच्या बाजारात एक माणूस केळीचा हातगाडा लावताना घड कसे रचतो हे बघत उभे राहिले आणि पहिला तास बुडाला. हेडसर भडकले. कादरी सर म्हणाले, "चुकलं सर. पण तो हिरवी केळी खाली घालतो, पिवळी वर. सावली कशी पडती तिथं, तुम्ही एकदा बघाच." हेडसरांनी कपाळाला हात लावला.

सरांचा नियम एकच. "वाईट काढलं तरी चालतंय बाबा. खोटं काढू नको."

हा नियम आम्हाला कळला तो पहिल्याच तासाला. फळ्यावर त्यांनी 'घर' एवढंच लिहिलं आणि खुर्चीत बसून राहिले. आम्ही सगळ्यांनी, अगदी सगळ्यांनी, तेच काढलं, दोन डोंगर आणि कौलांचं घर. सर बाकांमधून फिरले. गोविंद नावाचा एक पोरगा होता आमच्यात, बिनधास्त. त्याचा कागद त्यांनी उचलला.

"कोकणात गेला होतास का बाबा?"

"न्हाई सर."

"मग हे घर कुठं बघितलं?"

"कुठंच न्हाई सर. घर असंच असतंय."

"कुणाचं असतंय? तुझं हाय असं?"

"न्हाई सर, आमचं माळवद हाय."

"आणि हा डोंगर? लातुरात डोंगर कुठं हाय, दाखव मला. चला, सगळे चला."

आख्खा वर्ग घेऊन ते शाळेच्या गच्चीवर गेले. खाली लातूर पसरलेलं. पाण्याची टाकी, तेलाच्या मिलची चिमणी, सपाट धाबी, सपाट माळवदं, पार कडेपर्यंत सगळं सपाट. "दिसला का डोंगर?" सरांनी विचारलं. गोविंद इकडं तिकडं बघून म्हणाला, "सर, तिकडं गिट्टीचा ढीग हाय." आम्हाला वाटलं, आता बसतोय मार. सर असे खूष झाले! "हाव! ते काढ. ते खरं हाय." मग त्यांनी गोविंदचा कागद टरकावला आणि तुकडे स्वतःच्याच खिशात घातले. फेकले नाहीत. "कागदाचा काय कसूर बाबा," म्हणाले.

तेव्हापासून आमच्या शाळेत त्या चित्राला 'कोकणातलं घर' हेच नाव पडलं. नवीन पोरानं काढलं की जुनी पोरं आधीच ओरडायची, "फाटलं रे, फाटलं!" आम्ही सगळे माळवद काढायला शिकलो. दगडाच्या जाड भिंती, वर लाकडाच्या तुळया, त्यावर हातभर माती आणि मधे उजेडासाठी एक भोक, त्याला आमच्याकडं साणं म्हणतात. ज्यांनी माळवदात दिवस काढले त्यांना एक गंमत माहीत असते. वरून कुणी चाललं की खाली ताटात माती पडते. मग खालचा माणूस ताट झाकून वरच्याला शिव्या घालतो. आमच्याकडं घरोघर हे रोजचं होतं आणि त्यावर घरोघर हसणंही रोजचं होतं.

मग मी आठवीत असताना भूकंप झाला. गणपती बोळवून लोक झोपले होते. लातूर शहरात भिंतींना तडे गेले, आम्ही अंगणात पळालो आणि वाचलो. औशाच्या पुढच्या गावांत मात्र ती हातभर माती आणि ते दगड झोपल्या माणसांवर आले. कादरी सर मदतीच्या ट्रकमधून तिकडं गेले आणि आठवड्यानं परत आले. काय बघितलं ते वर्गात बोलले नाहीत. बरेच दिवस तासाला येऊन म्हणायचे, "आज बाहेर खेळा बाबा."

त्यानंतरच्या काळात लातुरात दोनच गोष्टी वाढल्या, पत्र्याची शेडं आणि क्लासेस. उजाडता उजाडता पोरं सायकली हाणत गणिताला निघायची. गल्लोगल्ली गुणवत्ता यादीत आलेल्या पोरांचे फोटो लागलेले, बीडची, नांदेडची पोरं खोल्या करून राहायला आलेली. आमच्या घरमालकानं तर म्हशीचा गोठा धुऊन काढला, चुना मारला आणि चार पोरं ठेवली. शाळाही मागं कशाला राहते? नववीचा खेळाचा तास गेला आणि मग चित्रकलेचे तास एकेक करून गणिताला जाऊ लागले.

त्यातच वरून प्रोजेक्ट आला. नववीच्या मुलांनी बालवाडीसाठी चित्रांची गोष्ट तयार करावी. हेडसरांचं म्हणणं सरळ होतं. चार कागद रंगवा, फाईलला लावा, मोकळे व्हा. कादरी सर म्हणाले, "फाईलीला गोष्ट कशाला सांगायची सर? तिला काय कळतंय?" औशाच्या पुढं एका पडलेल्या गावाची वस्ती पत्र्याच्या शेडांत होती. तिथल्या बालवाडीत जाऊन गोष्ट सांगायची, असं त्यांनी ठरवलं. आणि एकदा त्यांनी ठरवलं की झालं.

गोष्ट मी लिहिली. अक्षर चांगलं होतं म्हणून माझ्यावर आलं, दुसरं काही नाही. ढवळी नावाचं शेळीचं करडू माळवदावर चढतं. साण्यातून खाली तोंड घालून 'बेंऽऽ' करतं. खाली आजी जपमाळ ओढत बसलेली, तिला वाटतं देवच हाक मारून राहिला. ती हात जोडून वर बघते आणि भस्सकन माती पडते तिच्या तोंडावर. वर्गात वाचून दाखवलं तर हसून हसून गोविंद बाकावरून खाली आला. सरांना तर ठसका लागला. "वा बाबा! ही खरी गोष्ट. माझ्या दादीवर अशीच पडायची." मातीचं चित्र त्यांनी स्वतः काढून दिलं, कोरडा ब्रश झटकून झटकून. काय सुरेख माती पडली होती त्या कागदावर!

एका पोराच्या वडिलांच्या टेम्पोत बसून आम्ही वस्तीवर गेलो. पत्र्याच्या लांब शेडात बालवाडी भरलेली. तिथल्या बाई मला म्हणाल्या, "आत बसायला कुरकुर करतेत लेकरं. दाराशी बसतेत सगळी." खरंच, आत सगळी मोकळी जागा आणि पोरं दाराला चिकटलेली. मी गोष्ट वाचायला लागले. करडू आलं, पोरं हसली. आजी आली, हसली. मी जोर लावून वाचलं, "भस्सकन माती पडली!" आणि सरांनी ते चित्र उंच धरलं.

कुणी हसलं नाही. एका क्षणात शेड रिकामं झालं. पोरं बाहेर पळाली. एक बारका पोरगा पळताना पडला आणि पडल्या जागी डोक्यावर हात धरून गोळा झाला. बाई त्याच्याकडं धावल्या. आमच्यातलं कुणी हललं नाही. सरांनी ते चित्र अजून तसंच धरलं होतं. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ते घाईघाईनं पोटाशी धरून झाकलं.

येताना टेम्पोत मी रडत होते. सर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तू न्हाई बाबा. मी हसलो ना त्याला. माझ्या डोळ्यानं सगळं बघून आलो आणि तरी हसलो." त्यांचा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

दुसरा कुणी असता तर विषय सोडून दिला असता. फाईलीपुरते कागद झालेच होते. पण सरांच्या मनानं घेतलं, त्या पोरांना एकदा तरी आत बसून, पुरती गोष्ट ऐकवायची. दर रविवारी ते कोरे कागद आणि खडू घेऊन एकटेच एसटीनं वस्तीवर जाऊ लागले. पोरांना गोष्ट सांगायची नाही, नुसतं काढायला द्यायचं. महिन्याभरानं एक दिवस ते वर्गात आले आणि पोरांचे कागद टेबलावर पसरले. आम्ही बघतच राहिलो. एकूण एक कागदावर दोन डोंगर, मधे सूर्य, नदी आणि लाल कौलांचं घर!

"मदतीच्या गाडीतून वह्या आल्या होत्या कुठून तरी," सर म्हणाले. "त्याच्यावर हे चित्र होतं. तेच काढून राहिलेत सगळे. मी विचारलं, बाबा, हे घर कुठं हाय? तर एक म्हणला, लई लांब हाय. दुसरी म्हणली, तिथं वर माती नसती."

सरांनी खडू घेतला आणि फळ्यावर काढायला सुरुवात केली. एक डोंगर. दुसरा डोंगर. मधे सूर्य. गोविंदला राहवलं नाही. "सर, तुम्ही तर हे फाडायचे!"

"हाव बाबा, फाडायचो." त्यांनी वळून बघितलं नाही. कान लाल झाले होते त्यांचे. "आता काढा. चांगलं काढा."

गोष्ट मी नव्यानं लिहिली. ढवळी आता माळवदावर न चढता डोंगरावर चढते आणि तिथून 'बेंऽऽ' करते, तर अंगणातली आजी डोंगराला हात जोडते. चित्रं मात्र जमेनात, कारण आम्ही कुणी डोंगर बघितलाच नव्हता. आणि सरांनी तर कहरच केला. घर कोकणातलं, पण दारातलं झाड लिंबाचंच पाहिजे, आजीचं लुगडं आमच्याकडच्यासारखंच नेसलेलं पाहिजे, करडाचे कान लोंबतेच पाहिजेत. "घर लांबचं असू द्या बाबा. माणसं जवळची पाहिजेत," म्हणाले.

अडलं ते वेळेवर. आमचा उरलेला एकुलता एक चित्रकलेचा तास भूमितीला गेला. मी वह्या द्यायला ऑफिसात गेले होते तेव्हा सर हेडसरांपुढं उभे होते.

"कादरी, चित्रकलेचे मार्क बोर्डात धरतात का? तुम्हीच सांगा."

"न्हाई धरत सर."

"पालक येऊन भांडतात माझ्याशी. अमक्या शाळेत नववीतच दहावीचा अर्धा पोर्शन झाला म्हणतात. मी काय उत्तर देऊ?"

"मी मार्कांसाठी मागतच न्हाई सर. बालवाडीतल्या लेकरांसाठी मागून राहिलो. एक तास द्या फक्त."

"एप्रिलपर्यंत काही मागू नका बाबा," हेडसर म्हणाले. सरांचा शब्द त्यांच्याही तोंडात बसला होता. वाईट नव्हते ते. पण तास दिला नाही.

मग आम्ही जेवणाच्या सुट्टीत काढायला बसलो. डाव्या हातात भाकरी, उजव्या हातात ब्रश. तेलकट बोटं लागून दोन पानं वाया गेली, सरांनी ती पुन्हा काढली. त्यांनी त्या महिन्यात डबा खाल्लेला मी बघितला नाही.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, कारण ते सांगावंसं मला वाटत नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा नववी-दहावीच्या वेळापत्रकात चित्रकला नव्हतीच. सरांना संस्थेच्या देगलूरकडच्या शाळेवर पाठवलं होतं. बेगमचं माहेर तिकडचंच, म्हणून ते कुरकुर न करता गेले म्हणे. तिकडं अर्धी पोरं तेलुगू बोलणारी. त्यांनाही ते बाबाच म्हणत असणार. मी शिकायला नांदेडला आले आणि देगलूरच्या एका मुलीला पहिल्याच आठवड्यात विचारलं, कादरी सर माहीत आहेत का? ती म्हणाली, ते गेले की मागच्या वर्षी. गेले म्हणजे कुठं, असंही मी वेड्यासारखं विचारलं. अजूनही कुणी पांढऱ्या शर्टातला, सायकल हातात धरून चालणारा माणूस दिसला की माझे पाय थांबतात. चेहरा बघेपर्यंत तरी तो सरच असतो.

त्यांचं मला शेवटचं आठवतं ते त्या वस्तीवरचं. परीक्षा तोंडावर आली होती. हेडसरांनी बजावून पाठवलं होतं, गोष्ट सांगा आणि लगेच माघारी या, दुपारून गणिताची चाचणी आहे. ऊन रणरणत होतं, पत्रा तापलेला. तिथल्या बाई म्हणाल्या, "सर, बाहेर लिंबाखाली बसवू का?"

"नक्को बाई," सर म्हणाले. "आत बसतेत का बघू."

पोरं दाराशीच बसली. सर पुस्तक धरून आत, शेडाच्या मधोमध बसले. मी वाचायला लागले. पहिल्या पानाला डोंगर दिसला आणि दोन-तीन पोरं पुढं सरकली. नदी आली, अजून थोडी सरकली. आजीनं शेळीच्या करडाला देव समजून हात जोडले तेव्हा सगळी हसली, आणि तो मागच्या वेळी पडलेला पोरगा तर सरांच्या गुडघ्याला टेकून हसत होता. शेवटचं पान झालं. एकही पोरगं बाहेर गेलं नव्हतं. सरांनी बाहीनं तोंड पुसलं आणि गालाला निळा रंग लागला. कुणी सांगितलं नाही त्यांना.

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. आम्ही उठलो, तेवढ्यात एक बारकी पोरगी पुढं आली. केस बारीक कापलेले, फ्रॉकला बटणं नाहीत. तिनं चित्रातल्या घरावर बोट ठेवलं.

"ह्याच्यात आई कुठंय?"

मी म्हटलं, "गोष्टीत आजी हाय की गं."

"आई कुठंय?"

मी सरांकडं बघितलं. सरांनी मांडी घातली, पिशवीतून रंग काढले आणि मला म्हणाले, "पाणी आण बाबा." मग तिला म्हणाले, "काढतो ना. कशी होती तुझी आई, सांग."

"हिरवं लुगडं."

"बरं. उंच होती का बुटकी?"

तिनं हात वर करून दाखवलं. तो हात चुलीपुढं बसलेल्या बाईएवढाच वर गेला. सरांनी दारात बसलेली बाई काढली. मग बांगड्या कसल्या, कुंकू केवढं, सगळं विचारत गेले आणि काढत गेले. तोवर बाकीची पोरं मागं उभी राहिली होती. "माझी पण काढा." "माझ्या आईला इथं काढा, नदीपाशी." टेम्पोवाला पुन्हा हॉर्न वाजवू लागला.

"तुम्ही निघा बाबा," सर मान वर न करता म्हणाले. "चाचणी हाय तुमची. मी येतो मागून एसटीनं."

बाकीची पोरं टेम्पोकडं पळाली. मी गढूळ झालेलं पाणी बदलून आणलं आणि सरांपुढं ठेवलं.

"आणि डोळे?" सर तिला विचारत होते. "डोळे कसे होते?"

पोरगी विचार करत राहिली.

"याद न्हाई."

सरांचा ब्रश थांबला. मग त्यांनी तिची हनुवटी दोन बोटांनी धरली आणि तिचा चेहरा दाराच्या उजेडाकडं वळवला.

"इकडं बघ बाबा. हालू नको. तिचेच हायत हे. बघून काढून राहिलो मी."

बाहेर टेम्पो सुरू झाला होता, मला हाका मारत होते. दारातून मी वळून बघितलं, तर सर वाकून काढत होते, आणि ती पोरगी पापणीसुद्धा न हलवता त्यांच्यापुढं बसून राहिली होती.